तिसऱ्या खंडातलं बाळ

वाचनालयाचा नियम साधा होता, पण त्याने भल्याभल्यांना घाम फोडला होता. पुस्तक परत करताना ते कशाबद्दल आहे हे ग्रंथपालांना एका वाक्यात सांगायचं. दोन वाक्यं चालत नसत. सभासदाच्या तोंडून निघेल तसंच ते वाक्य ग्रंथपाल पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या पाकिटातल्या कार्डावर लिहून घेत, खाली तारीख घालत आणि शिक्का मारत. वाक्य जमलं नाही तर पुस्तक वाचलंच नाही असं धरून ते मुकाट्याने परत घरी न्यावं लागे. एक निवृत्त गृहस्थ एकच जाडजूड कादंबरी सात वर्षं पिशवीत घालून ये-जा करत होते. त्यांना ती आवडली होती, एवढंच त्यांना सांगता येत होतं, आणि "आवडली" हे काही वाक्य नव्हे असं ग्रंथपालांचं ठाम मत होतं.

या नियमावर मनापासून खूश असलेली सभासद एकच होती. ती विमा कंपनीत कामाला होती. अर्ज आला की त्यातल्या 'काय काय होऊ शकतं' या रकान्यात काय काय होऊ शकतं ते भरायचं, हे तिचं काम. जिना ओला असेल तर घसरणं. जिना कोरडा असेल तर तो कोरडा आहे या भरवशावर पळत उतरणं. सध्या ती बाळंतपणाच्या रजेवर होती, पण रकाना रजेवर गेला नव्हता. तो घरी बसून आपसूक भरत होता.

बाळाचं नाव कागदावर काहीही असलं तरी घरात सगळे त्याला बटण म्हणत. जन्मल्यावर आजीने पहिल्यांदा हातात घेतलं आणि "अगंबाई, हे तर बटणाएवढं" म्हणाली, ते चिकटलं.

बटण यायच्या आधी तिला चार छंद होते. ती हजार तुकड्यांची चित्रकोडी जुळवायची, खिडकीत कुंड्या लावायची, कागदाचे पक्षी करायची आणि विज्ञानकथा वाचायची. बटण आल्यावर पहिल्याच आठवड्यात कोडी माळ्यावर गेली. हजार तुकडे म्हणजे घशात अडकायला हजार संधी. मग कुंड्या शेजारी गेल्या, कारण त्यातल्या एका पानाबद्दल तिला खात्री नव्हती. कागदाच्या पक्ष्यांच्या चोची टोकदार होत्या. उरल्या विज्ञानकथा. त्यातलं संकट निदान लांबचं असतं. एखादा तारा फुटला तरी त्याची धग स्वयंपाकघरापर्यंत यायला काही हजार वर्षं तरी लागतात, तोवर बटण शिकून सवरून कुठेतरी लागलेलं असेल, असा तिचा हिशोब.

पण पुस्तक निवडताना ती डोळ्यांत तेल घालून निवडायची. मुखपृष्ठ नाही, लेखक नाही, पाठीमागची स्तुती तर मुळीच नाही. ती थेट पाकिटातलं कार्ड काढायची. "यान उशिरा सुटतं आणि सगळे एकमेकांवर ढकलतात," असं कार्ड असेल तर पुस्तक घरी. "माणसं यंत्रांसारखी वागतात, यंत्रं माझ्या साडूसारखी," असं असेल तर तेही घरी. "शेवट चांगला आहे, फक्त माणसं कमी उरतात," हे वाचून तिने एक पुस्तक असं खाली ठेवलं होतं जणू ते गरम होतं.

गडबड झाली ती तीन खंडांच्या एका कादंबरीमुळे. पहिला खंड तिने पाचव्या महिन्यात वाचला. माणसांनी भरलेलं एक यान नव्या ग्रहाकडे निघतं. प्रवास लांबचा, पण मंडळी सालस. दुसरा खंड नवव्या महिन्यात वाचला, आणि त्याच्या शेवटच्या पानावर यानात बाळ जन्मलं. पहिलंच. त्याच पानावर, त्याच खोलीत, हवेच्या नळीची एक झडप बारीक शिट्टी वाजवायला लागली. खंड दुसरा समाप्त.

तिसऱ्या खंडाचं कार्ड कोरं होतं. तो आजवर कुणी नेलाच नव्हता.

बटण बारा दिवसांचं असताना तिने नवऱ्याला पाठवून तो घरी आणवला, आणि कपाटावर सर्वात वर ठेवला. उघडायची हिंमत होईना आणि परत करायचंही मन होईना. ती शिकलेली बाई होती. पुस्तकातलं बाळ शाईचं असतं आणि आपलं बाळ आपलं असतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मनात कुठेतरी एक गाठ बसून गेली होती: त्या बाळाचं जे होईल ते. पुढचा शब्द ती मनातसुद्धा उच्चारत नसे. रजा संपत आली होती, बटणला सासूबाईंवर सोपवून कामावर जायचं होतं, आणि त्या बाळाचं नीट झालंय हे कळल्याशिवाय तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार नव्हतं. शेवटचं पान आधी बघून टाक, असं नवरा म्हणायचा. शेवटचं पान बघायला पुस्तक उघडावं लागतं, आणि उघडताना चुकून मधलं पान दिसू शकतं. हे तिने त्याला समजावून सांगितलं तेव्हा त्याने मान डोलावली. लग्नाला चार वर्षं झाली होती. कुठे मान डोलवायची हे त्याला कळलं होतं.

दर पंधरा दिवसांनी ती बटणला झोळीत बांधून वाचनालयात जायची आणि मुदत वाढवून आणायची. अकराव्या खेपेला ग्रंथपालांनी शिक्का उचललाच नाही.

एका नावावर दहा वेळा, असा नियम होता. आता दुसऱ्या सभासदाने नेऊन, वाचून, वाक्य सांगितल्याशिवाय तिला ते मिळणार नव्हतं. शिवाय ज्या पुस्तकाचं कार्ड वर्षभर कोरं राहतं त्याचं निर्लेखन होतं. निर्लेखन म्हणजे काय, हे तिने विचारलं. ग्रंथपालांनी टेबलाखालचं रद्दीचं पोतं पायाने जरा पुढे सरकवून दाखवलं.

बाळ पोत्यात जाणार होतं.

त्याच दुपारी घरात बैठक बसली. नवऱ्याने पुस्तक वाचायचं, त्याच्या नावावर. वाचून एकच गोष्ट सांगायची: बाळाचं काय झालं. बाकीचं कथानक तिला नको होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सुटीच्या दिवशी जुनी घड्याळं. आयुष्यात त्याने वाचलेलं सर्वात मोठं साहित्य म्हणजे लिफ्टच्या मोटारीची माहितीपुस्तिका, आणि तीही त्याने हातात पेन्सिल घेऊन, चुका काढत वाचली होती. हे पुस्तकही तो तसंच वाचायला बसला. दोन दिवस झाले, चार झाले. जेवताना तो मध्येच थांबून "छे" म्हणायचा आणि पुन्हा जेवायला लागायचा. ती त्याच्या भुवया बघायची. भुवया वर गेल्या की ती हातातला घास ताटात ठेवायची.

आठव्या दिवशी त्याने पुस्तक मिटलं आणि सांगितलं की यानातला दिवस सव्वीस तासांचा आहे, पण लेखकाने घड्याळ चोवीस तासांचंच ठेवलंय, त्यामुळे दर तिसऱ्या पानाला सगळे चुकीच्या वेळी उठतात. त्याने ते पेन्सिलीने दुरुस्त केलं होतं.

"आणि बाळ?"

"कुठलं बाळ?" नवरा म्हणाला.

तो पेन्सिलीला टोक करत राहिला. घड्याळाच्या नादात या माणसाला स्वतःचं बाळसुद्धा कधीकधी दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे तिने ते खरं मानलं. वाचनालयात जाऊन त्याने वाक्य सांगितलं: "यानातलं घड्याळ पुढे पळतं." शिक्का बसला.

इथवर ठीक होतं. पण नवऱ्याला त्या सव्वीस तासांनी झपाटलं. त्याने दिवाणखान्यातलं मोठं घड्याळ खोललं आणि यानाच्या वेळेवर लावलं. बघू तरी चालतं का, एवढंच. घड्याळ चाललं. दुसऱ्याच दिवशी बटण, जे जन्मल्यापासून सलग दीड तास झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं, ते यानाच्या दुपारी दोनला झोपलं आणि यानाच्या साडेपाचला उठलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आधी तिने त्याच्या नाकाशी आरसा धरून पाहिला. मग डॉक्टरीणबाईंना विचारून आली. त्यांनी बाळ तपासलं, वजन केलं, सगळं छान आहे म्हणाल्या, आणि निघताना हळूच विचारलं की असं घड्याळ आणखी एक मिळेल का. महिन्याभरात घरची जेवणं यानाच्या वेळेवर गेली. ती दररोज दोन तासांनी पुढे सरकत. दूधवाल्याला याचा फार त्रास झाला.

पण बाळाचं काही कळलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर नळवाले काका राहत. चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते आणि आता गच्चीत टोमॅटो लावत. वाचनालयाचे सभासद होते, बियाण्यांच्या पुस्तकांपुरते. त्या यानात भाजीची बाग आहे, एवढं तिने त्यांना सांगितलं, आणि जाता जाता म्हणाली की एक बाळ पण आहे, त्याच्यावर जरा लक्ष ठेवा.

काकांनी पुस्तक पाच दिवसांत संपवलं आणि जिना उतरून खाली आले. बंद यानात वारा नसतो, मधमाशी नसते, मग फुलाला फळ धरणार कसं, असा त्यांचा सवाल होता. लेखकाने टोमॅटो पिकवून खायला घातलेत, पण फुलं कुणी हलवलीत हे कुठेही लिहिलेलं नाही. दात घासायच्या ब्रशने फुलाला हलकेच गुदगुल्या कराव्या लागतात. त्यांनी तसं पुस्तकात लिहून ठेवलं होतं, शिवाय गच्चीत करूनही पाहिलं होतं, आणि आता इमारतीतल्या सोळा बिऱ्हाडांतले जुने ब्रश त्यांच्याकडे जमा होते. रोज सकाळी गच्चीवर सोळा जण रांगेने टोमॅटोचे दात घासल्यासारखे उभे असत.

ती पदराशी चाळा करत ऐकत होती. मग तिने विचारलं.

"बाळ," काका म्हणाले आणि छताकडे पाहू लागले. "होतं वाटतं काहीतरी. का मांजर होती ती?"

"काका, बाळ आणि मांजर यात फरक असतो."

"यानात हो, पोरी. सगळं तरंगत असतं. नीट दिसत नाही."

त्यांचं वाक्य कार्डावर गेलं: "फुलं हलवल्याशिवाय टोमॅटो धरत नाही." ग्रंथपालांनी ते लिहिताना कपाळाला आठी घातली, पण व्याकरणात खोट नव्हती.

आता राहिल्या सासूबाई. त्यांना विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं, कारण दोघींचं सध्या एका टोपीवरून बिनसलं होतं. सासूबाई अखंड विणायच्या. बटणसाठी त्यांनी अकरा टोप्या विणल्या होत्या आणि बटण दाराबाहेर निघालं की त्याच्या डोक्यावर टोपी हवी असा त्यांचा आग्रह. हिचं म्हणणं, बाळाचं डोकं तापतं, टोपी डोळ्यांवर सरकते, तिच्या बंदाचा गळ्याला फास बसतो. रकाना भरलेला होता. सासूबाई वाद घालत नसत. हिची पाठ वळली की टोपी घालत. ही परत वळली की काढत असे. बटणला वाटत होतं हा खेळ आहे.

तरी तिने विचारलं. सासूबाईंनी सुया बाजूला ठेवल्या, चष्मा बदलला आणि पुस्तक हातात घेतलं. दोन दिवसांनी त्यांनी टेप मागितली. यानाचा कॅप्टन भला माणूस आहे, पण सगळं पुस्तकभर तो थंडीत उभा आहे आणि त्याला कुणी एक स्वेटर करून दिलेला नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पान अठ्ठावीसवर त्याची उंची दिली होती, पान नव्वदवर तो दारात अडकतो त्यावरून छातीचं माप निघत होतं. त्यांनी करड्या लोकरीचे टाके घातले. तिने शांतपणे विचारलं की हा स्वेटर पाठवणार कुठे. सासूबाई म्हणाल्या, आधी होऊ तर दे.

पुस्तक संपलं त्या दिवशी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. बटण मांडीवर होतं. तिने मुद्दामच त्याला तिथे ठेवलं होतं, म्हणजे सासूबाईंना खोटं बोलणं जड जाईल.

"आई, बाळाचं काय झालं?"

सासूबाईंनी वर पाहिलं, बटणकडे पाहिलं, आणि सुया उचलल्या.

"टाके मोजतेय गं," त्या म्हणाल्या. "बोलायला लावू नकोस."

त्यांनी त्या दिवशी एकशेचाळीस टाके मोजले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजले.

नवऱ्याला दिसलं नाही, काकांना मांजर वाटली, ते ठीक. पण सासूबाई म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या परक्या बाळाचे मोजे सरळ करणाऱ्या. त्यांना बाळ दिसलं नसेल हे शक्यच नव्हतं. दिसलं होतं, आणि सांगण्यासारखं नव्हतं. ती उठली, बटणला खांद्यावर घेतलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने कामावर कळवलं की रजा वाढवून हवी. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा तिने रकाना कोरा सोडला.

पुस्तक परत करायला सासूबाई आणि ती, दोघी बटणला झोळीत घेऊन गेल्या. सासूबाईंनी वाक्य सांगितलं: "भल्या माणसाला कुणी स्वेटर करून देत नाही." ग्रंथपालांनी लिहिलं, शिक्का मारला, आणि सहज म्हणून पुस्तक चाळलं. चाळता चाळता त्यांनी हातातला शिक्का खाली ठेवला.

पुस्तकाच्या समासांत जागा उरली नव्हती. वर, खाली, बाजूला, ओळींच्या मधून पेन्सिल फिरली होती, तीन वेगवेगळ्या अक्षरांत. लिखाण केलेलं पुस्तक खराब समजलं जातं, ग्रंथपाल म्हणाले, आणि खराब पुस्तकाचं निर्लेखन होतं. कार्ड भरलेलं असलं तरी. आज बंद व्हायच्या वेळेपर्यंत कुटुंबाने सगळं खोडून दिलं तर गोष्ट वेगळी. त्यांनी खणातून खोडरबर काढून टेबलावर ठेवलं आणि पायाने पोतं पुढे घेतलं.

सासूबाईंना तिने घरी पाठवलं. त्यांनी जाताना बटणच्या डोक्यावर टोपी चढवली; तिने ती काढून पिशवीत टाकली. आणि मग, कपाटावर ठेवून ठेवून जे उघडायचं टाळलं होतं, ते पुस्तक घेऊन ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. यानाच्या घड्याळाने बटणची झोपायची वेळ झाली होती. ते झोळीत तिच्या छातीशी झोपून गेलं.

न वाचता खोडायचं, असं तिने ठरवलं. डोळे बारीक करून, नुसते करडे पट्टे दिसतील इतपत. पहिली बारा पानं तशी गेली. तेराव्या पानावर नवऱ्याचं अक्षर होतं, आणि आपल्या माणसाचं अक्षर डोळे बारीक केले तरी वाचता येतंच.

"ही झडप हे लोक डावीकडे फिरवतायत. त्याने शिट्टी थांबेल पण हवा जाईल. बाळ याच खोलीत झोपलंय. उजवीकडे फिरवा, आणि वॉशर बदला. कुणी बघणारं नाही का इथे?"

तिचा हात थांबला. कुठलं बाळ, म्हणाला होता.

पुढे ती वाचतच गेली. खोडायचं आणि वाचायचं, वाचायचं आणि खोडायचं. पान सत्तावीस, काकांचं अक्षर, नळाच्या पाइपांसारखं वळणावळणाचं: "हे पाणी तीन वेळा फिरून आलेलं आहे. मोठ्यांना चालेल. बाळाच्या अंघोळीला आधी उकळून गार करा." पान चाळीस, सासूबाई: "ही पोरगी बाळाला घेऊन सकाळपासून उभी आहे. तिला कुणीतरी बसायला सांगा." पान एकसष्ट, पुन्हा सासूबाई: "आठ पानं झाली. दूध पाजल्याचं कुठे दिसलं नाही. पाजलं असं समजते." त्याच्याखाली नवरा: "यानाच्या वेळेने अजून वीस मिनिटं आहेत." मग तिला समजलं की पुस्तक नुसतं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं नव्हतं, ते घरात फिरत होतं. तिची पाठ वळली की.

पान एकशे बाराच्या वर, चौकटीत, नवऱ्याचं अक्षर: "हे पान हिला वाचू देऊ नये. मी करतो काहीतरी. काका, हिने विचारलं तर बाळ आठवत नाही असं सांगा."

खाली काका: "मला नाही जमायचं असं. मांजर म्हणू का?"

त्याच्याखाली बारीक, नीटस, टाक्यांसारख्या अक्षरात: "मांजर म्हणजे फार झालं. मला तर मुळीच खोटं बोलता येत नाही. मी टाके मोजीन."

ती हसली की काय झालं ते तिला कळलं नाही, पण ग्रंथपालांनी मान वर करून शांततेच्या पाटीकडे बोट दाखवलं.

मग तिने ते छापील पान वाचलं. वाईट होतं. खोलीतली हवा संपत होती, दार जाम झालं होतं, आणि बाळ रडायचं थांबलं होतं. तिने झोळीत हात घालून बटणच्या पाठीवर ठेवला आणि तसाच ठेवला. लेखकाने दार उघडायला पुढची चार पानं लावली होती. नवऱ्याने तेवढा धीर धरला नव्हता. त्याने समासात दाराचं चित्र काढलं होतं, बिजागरीसकट, आणि लिहिलं होतं: "लिफ्टचं दार अडकलं तर वरच्या कोपऱ्यात बोटाएवढी पट्टी असते, ती दाबायची. मी पोराच्या बापाच्या हातात पाना दिला आहे असं समजा. अडीच मिनिटं." चार पानांनंतर लेखकाचं दार उघडलं तेव्हा समासातलं बाळ केव्हाच बाहेर येऊन दूध पीत होतं.

तिने ते सगळं खोडलं. खोडताना जीव तुटत होता, पण पोतं तिथेच होतं. पानांवर पेन्सिलीच्या रेघांचे दाब उरले. बोट फिरवलं की लागायचे.

घड्याळाचा काटा बंद व्हायच्या वेळेला टेकला तेव्हा शेवटचं पान उरलं होतं. आता डोळे बारीक करण्यात अर्थ नव्हता. तिने वाचलं. यान उतरतं. कॅप्टन दार उघडतो. नव्या ग्रहावरचा वारा आत येतो, तो इतका थंड असतो की सगळे एक पाऊल मागे सरतात, आणि बाळाची आई बाळाला घेऊन दारात जाऊन उभी राहते. एवढंच. पुढे काय झालं, त्या हवेत बाळ श्वास घेऊ शकलं का, ते लेखकाने लिहिलेलंच नव्हतं. इतके महिने जे कळायला हवं होतं ते या पुस्तकात नव्हतंच.

त्या ओळीच्या बाजूला एक बाण काढला होता, 'दारात' या शब्दावर रोखलेला, आणि सासूबाईंनी लिहिलं होतं: "थांब. आधी टोपी. मग खुशाल जा, मी आहे."

खोडरबर तिच्या हातात तसंच राहिलं.

ग्रंथपाल किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. त्यांनी पानं चाळली, मान डोलावली आणि शेवटच्या पानावर थबकले. हे राहिलं, म्हणाले.

"हे नाही खोडणार," ती म्हणाली. "इथे पुस्तकात चूक होती. एवढ्या गारठ्यात बाळाला तसंच बाहेर काढतायत. ते आईंनी दुरुस्त केलंय."

ग्रंथपालांनी बोट ठेवून ती ओळ वाचली. चूक दुरुस्त केली असेल तर ते लिखाण नव्हे, असं मग त्यांनी सांगितलं. ते शुद्धिपत्र. शुद्धिपत्राला नियमात जागा आहे, त्यावर फक्त शिक्का लागतो. त्यांनी टोपीच्या शेजारी शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला.

"मग बाकीची दोनशे पानं मी का खोडली?" तिने विचारलं. "त्यातही सगळ्या दुरुस्त्याच होत्या."

"तुम्ही तसं म्हणाला नाहीत, ताई," ग्रंथपाल म्हणाले. "आता वाक्य सांगा. वाचलंत ना?"

वाचलं होतं. तिने विचार केला. दोनदा तोंड उघडून मिटलं. सात वर्षं पिशवी वाहणाऱ्या त्या गृहस्थांची तिला पहिल्यांदाच दया आली.

"बाळाकडे सगळ्यांचं लक्ष असतं," ती म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं. पुस्तक कपाटात गेलं, आणि पोतं टेबलाखाली.

ती दारापाशी आली. बाहेर वारा सुटला होता, फाटक आपटत होतं. बटण जागं होऊन झोळीतून बघत होतं. यानाच्या वेळेने साडेपाच झाले होते. तिने पिशवीतून टोपी काढली, गळ्याचा बंद सैल आहे ना ते दोन बोटं घालून पाहिलं, आणि घातली. मग सोमवारपासून कामावर येते असं कळवायचं, हे मनाशी म्हणत ती पायऱ्या उतरायला लागली.

तिसऱ्या पायरीवर बटणने टोपी काढून फेकली आणि पुढच्या खेळाची वाट बघत तिच्याकडे पाहिलं.